ज्वालामुखी कधी नुसता वाहतो, कधी फुटतो... असं का?

नमस्कार मंडळी! आइसलँडमधल्या लाव्हाचे व्हिडिओ फिरायला लागले की कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न येतो, "इथे लोक लाव्हापासून थोड्या अंतरावर उभं राहून सेल्फी काढतायत, मग इटलीतलं पाँपेई शहर ज्वालामुखीच्या उद्रेकात कसं काय गाडलं गेलं?" प्रश्न एकदम रास्त आहे, म्हणून आजचा व्हिडिओ त्यावरच.

बेसिक पटकन उरकतो. खोलवर खडक वितळतो, त्याचा मॅग्मा होतो, तो आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका म्हणून वर सरकतो, बाहेर आला की लाव्हा. हे शाळेतच झालंय सगळ्यांचं.

आता खरी गंमत. कुणीतरी लिहितंच, "पातळ मॅग्मा शांत, घट्ट मॅग्मा स्फोट, विषय संपला." नाही हो, विषय इथे सुरू होतो! मॅग्मामध्ये पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात, खाली दाब असतो तोवर ते आत राहतात, वर येताना दाब कमी झाला की बुडबुडे धरायला लागतात. आणि सगळं ठरतं ते यावर, की तो गॅस वेळेत बाहेर निसटला की आतच अडकला.

सोड्याच्या बाटलीचं उदाहरण तुम्ही सगळे देता, आणि दाब गेला की बुडबुडे येतात इथपर्यंत ते बरोबर आहे. पण सोडा पातळ, त्यातला बुडबुडा सहज वर येऊन फुटतो. हवाईच्या किलाउएमध्ये बहुतेक वेळा तसंच होतं, तिथल्या बेसाल्टमध्ये सिलिका, म्हणजे वाळूत असतो तोच घटक, 50 टक्क्यांच्या आसपास. हीच सिलिका 70 टक्क्यांच्या वर गेली की मॅग्मा लाखो पटींनी घट्ट होतो, बुडबुड्याला हलता येत नाही, तो जागीच फुगत राहतो आणि शेवटी मॅग्माच्याच चिंधड्या होतात.

हे बघा, कॅमेऱ्याजवळ धरतो. हा प्युमिस. दगड आहे पण पाण्यावर तरंगतो, अंगठ्याने घासलं तर चुरा पडतो. ही जी भोकं दिसतायत ना, ते सगळे अडकलेले बुडबुडे! मधल्या भिंती काचेच्या, त्या फुटल्या की बनते राख, म्हणजे ही राख काही जळून झालेली नाही, ती धारदार काच आहे, विमानाच्या इंजिनात गेली तर वितळून चिकटून बसते. पाँपेईवर इ.स. 79 मध्ये लाव्हा वाहत आलाच नव्हता. आधी तासन् तास प्युमिस पडला, मग तापलेल्या गॅसचे आणि राखेचे लोट आले.

तरी कुणी म्हणेल, म्हणजे घट्टपणाच ना शेवटी? मग अमेरिकेतला ज्वालामुखी माउंट सेंट हेलेन्स घ्या. 18 मे 1980 ला डोंगराची उत्तरेकडची बाजू कोसळली, आतला दाब एका झटक्यात गेला, गॅस फुगला आणि भयानक स्फोट झाला, 57 माणसं गेली. तोच डोंगर 2004 ते 2008 मध्ये परत जागा झाला, मॅग्मा याही वेळी चांगलाच घट्ट, पण सुरुवातीचे छोटे स्फोट सोडले तर तो हळूहळू घन सुळक्यांसारखा वर सरकत राहिला, कारण बराचसा गॅस वाटेतच निघून गेला होता. उलट न्यूझीलंडचं तारावेरा, 1886, मॅग्मा बेसाल्टचा, तुमच्या नियमाप्रमाणे शांत वाहायला हवा होता, आणि झाला प्रचंड स्फोट. म्हणून म्हणतो, घट्टपणा महत्त्वाचा आहेच, पण तो गॅसला अडवतो म्हणून, गॅसचा हिशोब सोडून त्याला अर्थ नाही.

त्यामुळे "गॅस कमी झालाय, म्हणजे धोका टळला" असं कुठे वाचलंत तर लगेच विश्वास ठेवू नका. फिलिपिन्सच्या पिनातुबोमध्ये मे 1991 च्या दोनेक आठवड्यांत सल्फर डायऑक्साइड दिवसाला साधारण 500 टनांवरून 5000 टनांच्या वर गेला आणि मग अचानक घटला. शास्त्रज्ञांनी तेव्हा हुश्श केलं नाही, गॅसची बाहेर यायची वाट बुजली असावी अशी त्यांना शंका आली. हजारो लोकांना वेळेत हलवलं गेलं आणि 15 जूनला पिनातुबो फुटला.