कापसाचे पैसे आणि एक प्रश्नावली

[जळगाव. विद्यापीठातलं वसतिगृह, संध्याकाळ.]

या मुलांच्या हातातल्या कागदावर गणितं नाहीत, पैशाकडे ते कसे बघतात हे मोजणारी विधानं आहेत. 'खर्च करताना मला धास्ती वाटते.' 'वस्तू घेतल्यावर वाटतं, दुसरीकडे स्वस्त मिळाली असती.' पुढे पाच चौकटी, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत.

अशीच एक मोजपट्टी १९८२ मध्ये यामाउची आणि टेम्पलर या अभ्यासकांनी अमेरिकेत तयार केली. पैशाकडे पाहण्याचे चार धागे त्यांनी वेगळे काढले: रुबाब, पुढच्यासाठी राखणं, अविश्वास आणि धास्ती. मिळकत किती आहे, याच्याशी या वृत्तीचा फारसा संबंध नसतो, असं त्यांना आढळलं.

मिळकत कधी येते, हे मात्र खानदेशात विचारावंच लागतं.

[पारोळ्याकडचं शेत, वेचणी सुरू.]

कापूस दिवाळीच्या आगेमागे घरात येतो. भाव पडलेला असला की बाप तो घरातच भरून ठेवतो, आणि इकडे मुलाच्या खोलीचं भाडं अडतं. रावेर-यावलकडच्या मुलीचं लक्ष केळीच्या भावावर. धडगावहून आलेला मुलगा शिष्यवृत्तीची वाट बघतो. तोवर मेसच्या वहीत उधारी चढत राहते. 'पैसा उना का रे?' (पैसे आले का रे?) हे इथे मित्र मित्राला सहज विचारतो.

आता याच मुलापुढे विधान येतं: 'मी दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकतो.' तो प्रामाणिकपणे 'असहमत'वर खूण करतो. गुण कमी पडतात आणि कागदावर तो बेफिकीर ठरतो. खरं तर एकदाच आलेली रक्कम तो पुढच्या हंगामापर्यंत पुरवतो. एवढं नियोजन पगारदार माणसालाही सहसा करावं लागत नाही! त्याला बेफिकीर ठरवणं अन्यायकारक आहे, आणि शास्त्र म्हणूनही कच्चं आहे. विधानं एकमेकांशी जुळतात का, हे मानसशास्त्रज्ञ क्रोनबाख यांच्या १९५१ च्या अल्फा गुणांकाने तपासता येतं. पण सगळी विधानं मिळून भलतंच काही मोजत असतील, तरी अल्फा चांगलाच येऊ शकतो.

म्हणून आधी मुलांशी बोलायला हवं. नाव न विचारता 'पैसे हातात आले, त्या आठवड्यात आधी काय केलंत?' असं विचारायला हवं. आणि तीच प्रश्नावली दोनदा भरून घ्यायला हवी: एकदा पोळ्याच्या सुमारास, घरात ओढाताण असताना, आणि एकदा कापूस विकल्यावर. दुसऱ्या वेळी धास्तीचे गुण उतरले, तर ती धास्ती बरीचशी हंगामाची होती. दोन्ही वेळा सारखीच राहिली, तर त्या मुलाशी निवांत बसून बोलायला हवं.