मडकं उलटं घालताना

[अंधार. शेताच्या बांधावर बॅटरीचा उजेड हलतोय.]

जानेवारीतली शनिवारची रात्र. पेणजवळच्या एका गावात, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात आम्ही सातजण जमलोय. दव पडायला लागलंय, धसकटं चपलेतून टोचतायत. आणि आमच्यातले दोघे पाऊण तास बॅटरी घेऊन बांधाबांधाने भांबुर्डा शोधतायत. खरं तर पाला दिवसाउजेडी तोडून ठेवायचा असतो. पण मुंबईची मंडळी उशिरा पोचली, आणि मुंबईच्या मंडळींत मीही आलो.

आज पोपटी लावायची आहे. म्हणजे वालाच्या शेंगा पाल्यासकट मडक्यात भरून, मडकं जाळात ठेवून भाजायच्या.

[जवळून : मुठीत चुरगाळलेला पाला.]

भांबुर्डा पावसाळा सरला की आपोआप उगवतो, बांधावर, पडीक जागेत. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पान चुरगाळलं की नाकाला झोंबणारा उग्र वास येतो. हा वास शेंगांना चांगला लागेल असं पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं असेल, देव जाणे. पण रायगडात दुसरा पाला घालून केलेल्या पोपटीला कुणी पोपटी म्हणणार नाही.

शेंगा वालाच्या. भात निघालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पौष-माघात शेंगा भरतात, पुढे वाळून त्यांचं कडधान्य होतं आणि वर्षभर घरोघर बिरडं शिजतं. मधले हिरव्या शेंगांचे काही आठवडे, तेवढाच पोपटीचा मोसम.

[मडकं. भोवती बसलेले हात.]

मडकं भरायचा मान दादूसचा. वयाने आमच्याहून दहा वर्षं मोठा, त्यामुळे कुणी हुज्जत घालत नाही. तळाला पाल्याचा जाड थर. त्यावर धुतलेल्या शेंगांचा थर, खडे मीठ, तळहातावर चोळलेला ओवा. मग बटाटे, रताळी, कांदे. आलं-लसूण आणि घरच्या मसाल्यात मुरवलेलं चिकन केळीच्या पानात बांधून मधोमध. अंडी बारा, मोजून. परत शेंगा, परत मीठ. तेलाचा थेंब नाही, पाणी तर नाहीच. शेंगांतली आणि पाल्यातली ओल, तिचीच वाफ होते आणि त्या वाफेत सगळं शिजतं. म्हणून तोंडाशी पाला असा दाबून कोंबायचा की मडकं उलटं केलं तरी एक शेंग हलता कामा नये.

उलटं करायचंच असतं. तोंड जमिनीला टेकवून, बूड वर. भोवती गोवऱ्या, काटक्या, पेंढा, नारळाच्या सुक्या झावळ्या.

[आग पेटते. चेहरे उजळतात.]

मागच्या वर्षी आम्ही दादूसशिवाय लावली होती. वारा एका अंगाने होता, जाळही एकाच अंगाला लागला, आणि आम्ही गप्पांत. अर्ध्या शेंगांचा कोळसा, अर्ध्या कच्च्या. ती पोपटी आम्ही हसत खाल्ली, पण खाल्ली म्हणण्यासारखं फारसं काही नव्हतं. यंदा दादूस एका जागी बसत नाही. काठी घेऊन मडक्याभोवती फिरतो, जाळ सारखा करतो.

गुजरातेत वलसाडच्या बाजूला असंच उलट्या मडक्यात उंबाडियूं करतात. इकडे अलिबागच्या रिसॉर्टांत आता पोपटी पैसे मोजून मिळते. मिळू दे. पण तिथे ती टेबलावर येते, आणि थंडीत तोंडाला जाळ, पाठीला गारठा घेत उभं राहायचा हा अर्धा-पाऊण तास कुणी वाढत नाही.

"झाली काय रे?"

"थांब जरा, अजून नाय."

दादूस ओंजळीतलं पाणी मडक्याच्या बुडावर शिंपडतो. चर्र! थेंब टेकायच्या आत उडून जातात. झाली.

[राख बाजूला. मडकं सुलटं होतं. पाला उपसला जातो, वाफ.]

वर्तमानपत्रावर ढीग पडतो. शेंगांचा हिरवा रंग उतरलाय, साली मऊ पडल्यात. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे जिभेवर राहतात, साल हातात. मीठ, ओवा, धूर, आणि मघाशी झोंबणारा तोच वास, आता निवलेला. सगळे चिकनच्या पुडीवर तुटून पडतात. माझ्या मते चिकन पाहुणं आहे, पोपटी शेंगांचीच. हे मी मोठ्याने बोलत नाही, शेंगा जास्त मिळतात.

मग अंड्यांचा हिशोब लागेना. बारा घातली, अकरा निघाली. जास्तीचं एक कुणी खाल्लं यावर रात्री एकपर्यंत वाद झाला, दादूसच्या मोजणीवरही शंका घेतली गेली.

[पहाट. धुकं. विझलेली राख.]

सकाळी मडकं उचलायला गेलो. उपसून टाकलेल्या पाल्यात तोंड खुपसून गावातला एक कुत्रा बसला होता, आणि त्याच्या पायाशी अंड्याची टरफलं.