गर्दीच्या तासाचा दर

मंडळी, संध्याकाळी सात वाजता पश्चिम द्रुतगती मार्गावर आणखी एक मोटार शिरते. चालकाला स्वतःचा उशीर तेवढा दिसतो. पण त्याच्यामुळे मागच्या प्रत्येक वाहनाला थोडाथोडा उशीर होतो आणि त्याची बेरीज त्याच्या स्वतःच्या उशिराहून कितीतरी मोठी असते. ती किंमत तो देत नाही. मागच्या बसमध्ये उभी असलेली माणसं देतात. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ विल्यम व्हिक्री यांनी वर्षानुवर्षं हेच मांडलं: गर्दीच्या तासाला वेगळा दर लावा.

आपल्याकडे टोल म्हणजे बांधकामाची वसुली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली आणि लोकांना आनंद झाला. साहजिक आहे. त्याआधी मोटारीला रात्री दोनलाही ४५ रुपये, सकाळी नऊलाही ४५, वर नाक्यावरची रांग वेगळी. अशा टोलने गर्दी कशी हटणार? स्टॉकहोममध्ये २००६ साली वेळेनुसार बदलणारं शुल्क काही महिने लावून पाहिलं. रहदारी सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. आधी विरोध करणाऱ्या शहराने फरक अनुभवल्यावर सार्वमतात कौल बाजूने दिला.

विमानतळाचं गणित मात्र वेगळं आहे, आणि इथे घाई करून चालणार नाही. आपल्या मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. २०२४ च्या सुरुवातीला सरकारने गर्दीच्या तासांतली ये-जा ताशी ४६ विमानांवरून ४४ वर आणायला लावली. जगभर उतरण्याचं शुल्क बहुधा विमानाच्या वजनावर ठरतं. म्हणजे चार प्रवाशांचं खासगी विमान धावपट्टी जवळजवळ तेवढाच वेळ अडवतं आणि पैसे मात्र किरकोळ देतं. न्यूयॉर्कने १९६८ मध्ये गर्दीच्या वेळी लहान विमानांचं किमान शुल्क ५ डॉलरवरून २५ केलं, तशी त्यांची वर्दळ लगेच कमी झाली.

मोठ्या कंपन्यांचं काय? हायवेवर प्रत्येक चालक सुटा असतो. विमानतळावर एकाच कंपनीची अनेक विमानं ओळीत उभी असतात. तिचं एक रखडलं की मागे तिचंच दुसरं थांबतं, म्हणजे उशिराची बरीचशी झळ तिला आधीच बसलेली असते. त्यावर सगळ्या उशिराचं पूर्ण शुल्क लावलं तर ती दुहेरी वसुली होईल. शुल्क फक्त इतरांच्या उशिरापुरतं ठेवलं, तर एकदोन उड्डाणं करणाऱ्या छोट्या कंपनीला दर विमानामागे जास्त पडतं आणि स्पर्धाच मरते. म्हणून तिथे मला स्लॉटचा, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळांचा, लिलाव अधिक पटतो. मात्र एका कंपनीने किती स्लॉट घ्यावेत, याला मर्यादा हवीच.

रस्त्यावरच्या गर्दीच्या शुल्कासाठी माझी अट याहून कडक आहे. मोटारींकडून आलेला पैसा बेस्टच्या बसगाड्या वाढवायला गेला पाहिजे, आणि पहिल्या जादा गाड्या तर शुल्क सुरू होण्याआधीच रस्त्यावर दिसल्या पाहिजेत. नवा उड्डाणपूल बांधायला तो पैसा वळवणार असाल, तर या शुल्काला मी स्वतः विरोध करीन.