जुन्या तुळईचा साग

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईत हातहत्यारांनी सुतारकाम शिकू पाहणारे बहुतेक जण आधी विचारतात, हत्यारे कोणती घ्यावीत? माझ्या मते, लाकूड कोठून आणावे हा प्रश्न त्याआधीचा आहे. याच शहराच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही तरंगते आहे. तितक्या तोलाचा साग नव्याने तोडायला लावण्यापेक्षा, पाडल्या जाणाऱ्या चाळींच्या तुळया, चौकटी आणि जिन्यांचे कठडे शोधावेत. त्यांत पुष्कळदा ब्रह्मदेशातून आलेला जुना साग असतो.

असे लाकूड घेताना त्यावरून लोहचुंबक फिरवावे, कारण आत मोडून राहिलेला एखादा खिळा लाकूड गुळगुळीत करणाऱ्या रंध्याच्या पात्याची धार क्षणात घालवतो. ‘जुने लाकूड आता हलत नाही’ असे विक्रेते सांगतात, ते मात्र खरे मानू नये. आपल्या दमट पावसाळ्यात कितीही जुने लाकूड आपल्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेने फुगते, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. म्हणूनच जाणते सुतार दाराच्या चौकटीतील फळी सरस न लावता खोबणीत सैल बसवत आले आहेत. हे न पाळलेले कपाट आषाढात उघडता उघडत नाही.

शिकण्याचा पहिला महिना धार लावण्यात घालवावा. पटाशी म्हणजे लाकूड कोरण्याचे सपाट पात्याचे हत्यार; तिच्या धारेचा उतार साधारण २५ अंशांचा ठेवून ती दगडावर इतकी घासावी, की पाठीच्या बाजूला धातूची वळलेली बारीक कोर बोटाला जाणवेल. मग पाठ सपाट धरून ती कोर काढावी. रंधा रेषांच्या चढाच्या दिशेने मारावा, उलट मारला तर लाकूड उपटून निघते. दहा बाय दहाच्या खोलीत या हत्यारांचा एक फायदा असा, की यंत्राच्या आवाजाने शेजारी दार ठोठावत नाहीत आणि बारीक भुशाऐवजी बहुतांशी झाडून गोळा करता येणाऱ्या लाकडाच्या सुरळ्याच उरतात.

त्यानंतर कूस (एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि ती बसेल अशी दुसऱ्या लाकडातली खोबण यांचा सांधा करावा. करवत आखलेल्या रेषेवर नव्हे, तर तिच्या टाकाऊ बाजूने चालवावी. सांधा हाताच्या दाबाने किंवा मोगरीच्या, म्हणजे लाकडी हातोड्याच्या, हलक्या ठोक्यांनी बसला पाहिजे. तो घट्ट वाटला तर खोबण रुंद न करता कुसाचीच बाजू पटाशीने किंचित तासावी.