बॅरिस्टर वानखेडे: नागपूरचे पहिले महापौर

श्रोतेहो, नमस्कार.

वानखेडे म्हटलं की मुंबईचं स्टेडियम डोळ्यांसमोर येतं. २ एप्रिल २०११ ला आपण विश्वचषक जिंकलो ते याच मैदानावर. पण ज्यांचं नाव त्या मैदानाला मिळालं, ते बॅरिस्टर शेषराव कृष्णराव वानखेडे आपल्या नागपूरचे पहिले महापौर होते. ही गोष्ट आपल्याच शहरातल्या तरुणांना सांगावी लागते, याची मला खंत वाटते. म्हणून आज स्टेडियमबद्दल थोडं आणि त्यांच्या राजकारणाबद्दल जास्त बोलणार आहे.

नागपुरात १८६४ पासून नगरपालिका होती. २ मार्च १९५१ ला तिची महापालिका झाली आणि १९५२ मध्ये बॅरिस्टर साहेब महापौर झाले. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. सचिवालय, विधानसभा, हायकोर्ट सगळं इथंच. महापौराचा मान मोठा, पण कारभाराची सूत्रं आयुक्तांकडे. महापौराचं खरं काम म्हणजे सभा चालवणं. वॉर्डातल्या नळाचं, नालीचं गाऱ्हाणं घेऊन तावातावानं उठलेल्या नगरसेवकाला बोलू द्यायचं, आणि वेळ संपली की त्याचा अपमान न करता खाली बसवायचं. पुढे हेच काम त्यांच्या वाट्याला राज्याच्या पातळीवर आलं, म्हणून मला महापौरपदाची ही पायरी फार महत्त्वाची वाटते.

मधल्या काळात नकाशाच बदलला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी गेली. इथल्या पुढाऱ्यांना मुंबईची वाट धरावी लागली. काहींचं राजकारण त्या धक्क्यात मागे पडलं. वानखेडे मात्र मुंबईतही उभे राहिले, मंत्री झाले, महाराष्ट्राचं अर्थखातं त्यांनी सांभाळलं.

मग मार्च १९७२. बाळासाहेब भारदे यांच्यानंतर वानखेडे विधानसभेचे अध्यक्ष झाले. राज्य दुष्काळानं होरपळत होतं. त्या वेळी विधान परिषदेच्या सभापतिपदी वि. स. पागे होते, रोजगार हमी योजनेचे जनक. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घेण्याचं ठरलं होतं. अधिवेशनाच्या दिवसांत मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवलेले मोर्चे आपण सगळ्यांनी पाहिलेत. ज्या शहराच्या सभेचं अध्यक्षपद भूषवलं, त्याच शहरात महाराष्ट्राच्या विधानसभेच्या अध्यक्षाच्या आसनावर बसायचं, हा योग किती जणांच्या नशिबी येतो? राजधानी गमावलेल्या नागपूरला त्या आसनावर आपला माणूस दिसणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांची कारकीर्द एप्रिल १९७७ पर्यंतची, म्हणजे आणीबाणीचा काळही तिच्यातच आला. वसंतराव नाईकांनंतर शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले होते. विरोधी पक्षांचे लोक तुरुंगात होते. मृणालताई गोरे याच विधानसभेच्या सदस्य, त्याही तुरुंगात गेल्या. सभागृहाच्या अध्यक्षासाठी यापेक्षा अवघड काळ नाही. वानखेडेंबद्दल मला आदर आहे, तरीही त्यांचं मोजमाप करताना ही पाच वर्षं वगळू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अभ्यासकांनी त्या काळातलं सभागृहाचं कामकाज काढून वाचावं.

आता स्टेडियम. वानखेडे मुंबई क्रिकेट संघटनेचेही अध्यक्ष होते. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. कसोटीच्या वेळी संघटनेला जागा किती द्यायच्या, यावरून दोघांत वाद धुमसत होता. त्यात आमदारांच्या एका सामन्यासाठी ब्रेबॉर्न मागितलं आणि नकार मिळाला, असं सांगतात. मग स्वतःचंच मैदान बांधायचं ठरलं. वास्तुविशारद शशी प्रभू तेव्हा तरुण होते. काम झपाट्यानं झालं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथं पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ धावा काढल्या. पतौडींची ती शेवटची कसोटी. पुढे १९८० ते १९८२ वानखेडे भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. १९८८ मध्ये त्यांचं निधन झालं.

नागपूरकरांकडे माझी एक मागणी आहे. महापालिकेच्या पहिल्या वर्षांतल्या सभांची कात्रणं, पत्रिका, फोटो जुन्या घरांत, कपाटांत नक्की पडले असतील. आजोबा नगरसेवक होते, कार्यकर्ते होते, पालिकेत नोकरीला होते, अशी घरं महालात, इतवारीत, सीताबर्डीत, धरमपेठेत आहेत. ते कागद रद्दीत देऊ नका. एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला ते दाखवा, आणि ज्या वडीलधाऱ्यांना तो काळ आठवतो त्यांच्याशी यंदाच बोलून घ्या.

नमस्कार.