लिस्बनची मेथाडोन व्हॅन

(दृश्य: रस्त्याकडेची व्हॅन, खिडकीसमोर रांग)

लिस्बन, पोर्तुगाल. परिचारिका खिडकीतून प्लॅस्टिकचा छोटा पेला पुढे करते. समोरचा माणूस तो तिच्यादेखत पितो आणि आपल्या वाटेला लागतो. पेल्यात आहे मेथाडोन, हेरॉईनच्या जागी दिलं जाणारं औषध. त्याचा असर दिवसभर टिकतो. हेरॉईन न मिळाल्यावर सुटणारा थरकाप, उलट्या, अंग ठणकणं, सगळं टळतं. पुढच्या पुडीसाठी पैसे कुठून आणायचे, ही वणवणही थांबते.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, गल्लीतली गर्दी)

ही लिस्बनमधली कासाल व्हेंतोझो वस्ती, नव्वदच्या दशकातली. भरदिवसा उघड्यावर सुई टोचून घेणारी ही माणसं कुणाची तरी मुलं, कुणाचे तरी भाऊ आहेत. १९७४ साली हुकूमशाही कोसळली, वर्षानुवर्षं कोंडलेला देश मोकळा झाला आणि पाठोपाठ हेरॉईनही आलं. एक कोटी लोकसंख्येत सुमारे एक लाख लोक त्यात अडकले. अटका झाल्या, शिक्षा झाल्या. व्यसन हटलं नाही. एकच सुई अनेकांनी वापरल्यानं एचआयव्ही पसरत गेला.

(दृश्य: आयोगाची खोली)

ही खोली नीट पाहा. न्यायाधीशाचा झगा नाही, पोलिसांचा गणवेश नाही, आरोपीचा पिंजरा नाही. १ जुलै २००१ पासून इथं दहा दिवसांपुरता किंवा त्याहून कमी अमली पदार्थ स्वतःसाठी जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. मनाई मात्र कायम आहे. पोलीस माल जप्त करतात आणि माणसाला व्यसनापासून परावृत्त करणाऱ्या या आयोगाकडे पाठवतात. आयोगात तीन सदस्य; कायदा, आरोग्य, समाजकार्य अशा क्षेत्रांतले. ते विचारतात: कधीपासून घेतोस? घरी कोण आहे? काम आहे का? कधीमधी घेणारा असेल, तर समज देऊन किंवा दंड करून सोडतात. व्यसन जडलेलं असेल, तर उपचारांची वाट दाखवतात, तीही सक्ती न करता. त्यानं होकार दिला की प्रकरण स्थगित होतं. व्यापार करणाऱ्यांना अर्थातच आजही तुरुंग आहे.

(दृश्य: पुन्हा व्हॅन)

अमली पदार्थ वापरणाऱ्यांमधले नवे एचआयव्ही रुग्ण २००१ च्या सुमारास वर्षाला हजाराच्या घरात होते, पुढं ते दोन आकडी संख्येवर आले. २०१२ नंतर सरकारी काटकसरीत उपचारांच्या यंत्रणेला कात्री लागली आणि पोर्तो शहराच्या काही वस्त्यांत उघड्यावर सुई टोचणं पुन्हा दिसू लागलं. आता तिथले काही रहिवासी शिक्षेची मागणी करतात. त्यांचा त्रास खरा आहे, पण मूळ कायदा तोच आहे. आटला तो निधी.