शितावरून भाताची परीक्षा: मालिका, प्रेक्षक आणि टीआरपी

रसिक श्रोतेहो,

गडकरी रंगायतन 1978 साली उभे राहिले, तेव्हापासून ठाणेकराला प्रेक्षक मोजण्याची एक सरळ रीत ठाऊक आहे. तिकीट खिडकी उघडते, खुर्च्या भरत जातात आणि दाराशी ‘हाऊसफुल्ल’चा फलक लागतो. मालिकेला खिडकी नाही. आमच्या नौपाड्यातल्या शेजारच्या काकू संध्याकाळी सातपासून दहापर्यंत दूरदर्शन संचासमोरून हलत नाहीत. त्यांनी एकदा मला विचारले, “सर, तुम्ही जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेत ना? मग माझ्या घरी विचारायला कोणी फिरकले नाही, तरी अमुक मालिका पहिली आली हे ठरवते कोण?” आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे थोडे लांबलेले उत्तर आहे.

2015 च्या एप्रिलपासून आपल्याकडे हे मोजमाप, म्हणजेच टीआरपी काढण्याचे काम, बार्क ही संस्था करते; त्यापूर्वी ते टॅम ही संस्था करीत असे. बार्कवर वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था या तिघांची संयुक्त मालकी आहे, म्हणजे ज्यांचा व्यवहार त्यांचाच तराजू. प्रत्येक वाहिनी आपल्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळते, निवडलेल्या घरातले मीटर ती खूण टिपते, आणि कोण बघत आहे हे कळावे म्हणून घरातल्या प्रत्येकाने रिमोटवरचे आपापले बटण दाबायचे असते. पाहुण्यांसाठीही बटण असते. अशी मीटर बसवलेली घरे देशभरात सुमारे 55,000 आहेत. बार्कच्याच 2020 च्या अंदाजाप्रमाणे टीव्ही असलेली घरे 21 कोटी होती. एका मीटरमागे साधारण पावणेचार हजार घरे उभी आहेत, असा याचा अर्थ होतो.

काकूंना हे ऐकून धक्का बसला. मला बसला नाही, कारण शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो. मात्र त्या म्हणीत एक अट दडलेली आहे: भात सगळीकडून सारखा शिजत असला पाहिजे. ठाणे तसे शिजलेले नाही. नौपाड्यातले जुने वाडे पाडून झालेले फ्लॅट, वागळे इस्टेटमधल्या चाळी, घोडबंदर रस्त्यावरचे मनोरे आणि दिवा स्थानकाभोवतीची दाटीवाटीची वस्ती यांचे जेवणाचे, कामाचे आणि टीव्ही लावण्याचे वेळापत्रक एक नाही. म्हणून घरे निवडताना मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि ठरावीक 11 वस्तूंपैकी घरात किती आहेत, यांवरून वर्ग पाडतात आणि प्रत्येक वर्गातून प्रमाणात शिते उचलतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. तिच्या आकड्याला जे देवत्व दिले जाते ते मात्र शास्त्रात कुठे लिहिलेले नाही.

निव्वळ उदाहरण म्हणून समजा, एखाद्या गटात 4,000 व्यक्तींचा नमुना आहे आणि एका प्रसारणाला त्यातले 6 टक्के लोक हजर आहेत. साध्या यादृच्छिक नमुन्याच्या सूत्राने या आकड्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे पाऊण टक्क्याची चूक संभवते. आता ज्या दोन मालिकांचे चाहते 6.1 आणि 6.3 या आकड्यांवरून एकमेकांच्या नायिकांचा उद्धार करतात, त्यांना मी काय सांगावे? त्या एका आकड्यापुरत्या दोन्ही मालिका बरोबरीत आहेत, असे म्हटले की दोन्ही बाजू माझ्यावरच तुटून पडतात.

दुसरी गोष्ट अशी की मीटर माणसे मोजते तशीच मिनिटेही मोजते. अर्ध्या तासाचा भाग आजीने पूर्ण पाहिला आणि सूनबाई पोळ्या लाटता लाटता दहा मिनिटे येऊन बसली, तर त्या घरात 30 अधिक 10 अशी 40 मिनिटे झाली; 30 ने भागल्यावर सरासरी प्रेक्षक भरला एक पूर्णांक एक तृतीयांश. मालिकेने चौथ्या मिनिटाला उठणाऱ्याला धरून ठेवणे म्हणजे काय, हे या भागाकारात दिसते. जाहिरातीला जाण्याआधी दार वाजते, चेहऱ्यावर तीन बाजूंनी कॅमेरा फिरतो आणि दारात कोण आहे ते विश्रांतीनंतरच कळते, याचे मोठे कारण माझ्या मते हेच आहे. शिवाय मीटरला आवड-निवड नाही. काकू त्या खलनायिकेला शिव्या देत बसतात. काकूंच्या घरी मीटर असते, तर त्या शिव्यांची मिनिटेही मालिकेच्याच खात्यात जमा झाली असती. आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात 1893 पासून पुस्तके देण्याघेण्याची नोंद होत आली आहे, पण घरी नेलेले पुस्तक वाचले की उशाशी ठेवले, हे ती नोंदवहीही सांगत नाही.

येथे अमेरिकेची एक जुनी पद्धत सांगतो. तेथे स्थानिक टीव्ही केंद्रांचा प्रेक्षक बरीच वर्षे घरोघरी डायऱ्या भरून घेऊन मोजला जाई आणि हे काम प्रामुख्याने फेब्रुवारी, मे, जुलै व नोव्हेंबर या चार महिन्यांत चाले. साहजिकच मालिकांतली लग्ने, अपघात आणि मेलेल्या माणसांचे परतणे या महिन्यांसाठी राखून ठेवले जाई. आपल्याकडे मात्र मीटर वर्षभर चालू असते, शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. म्हणजे आपल्या लेखकाला बारा महिने नोव्हेंबर. गुरुवारचा उपवास सासूबाईंना असतो तसा तो सेटवरही पाळला जात असावा, अशी मला शंका आहे. आकडा घसरला की ट्रॅक बदलतो, लीप येते (कथा एकदम काही वर्षे पुढे उडी मारते), दोन मालिकांचा महासंगम होतो, रविवारी महाएपिसोड लागतो. एवढ्यानेही भागले नाही, तर मालिका रात्री उशिराच्या वेळेवर ढकलतात आणि काही आठवड्यांत गुंडाळतात. पुढे काय होणार याचे अंदाज बांधणाऱ्या चाहत्याने म्हणूनच पात्रांच्या स्वभावापेक्षा गुरुवारकडे पाहिलेले बरे.

आता यात एक नवी गुंतागुंत झाली आहे. ठाणे–वाशी लोकलमध्ये महिलांच्या डब्यात सकाळीच रात्रीचा भाग सांगून टाकणाऱ्या मुली भेटतात, कारण पैसे भरलेल्या ग्राहकाला काही भाग ॲपवर आधीच पाहायला मिळतात. ऐरोलीच्या कार्यालयात जाणारी ही चाहती मालिकेशी काकूंइतकीच एकनिष्ठ आहे, परंतु घरच्या मीटरच्या लेखी ती कोणीच नाही. तिचा हिशेब ॲपच्या मालकाकडे वेगळा.

मीटरची घरे गुप्त ठेवावी लागतात ती का, हे ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वांना कळले. ठरावीक वाहिन्या चालू ठेवण्यासाठी अशा काही घरांना पैसे दिल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला, त्यानंतर बार्कने वृत्तवाहिन्यांचे स्वतंत्र आकडे थांबवले आणि ते थेट मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. मालिकांचे आकडे त्या काळातही दर आठवड्याला येतच होते.

हे सगळे ऐकून काकूंनी आपल्या नावडत्या वळणाचा निषेध म्हणून ती मालिका महिनाभर बंद ठेवली. मीटर नसलेल्या घरातला तो बहिष्कार असल्याने त्याची नोंद फक्त माझ्याकडे आहे. मग एका रविवारच्या महाएपिसोडचा प्रोमो आला, त्यात खलनायिकेचे बिंग भर मांडवात फुटताना दाखवले होते, आणि काकूंनी मलाही चहाला बोलावून दोन तास बसवले. बिंग फुटले, टाळ्या वाजल्या, आणि तेवढ्यात नायिका दचकून जागी झाली.